बेलटोल्याचं मागचं दार

कात्री बेलटोल्यात, कापड धरमपेठेत.

चुन्याच्या गिलाव्यात बेलफळाचा गर घालतात, गूळ घालतात, उडीद भिजवलेलं पाणी घालतात. माणसाला पचेल ते सगळं भिंतीला लागतं.

नागपंचमी झाली की बेलटोल्यातल्या बाया टोपलीत माती भरून गहू पेरतात आणि ती टोपली घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. उजेड न पाहिलेली रोपं पिवळीधमक येतात.

विकणे आहे. पारशिवनीजवळ, बेलटोला येथे, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली ऐतिहासिक मालगुजारी कोठी. बांधकाम अंदाजे १८८४. सागवानी माळा, कवेलूंचं छप्पर, सहा एकर जमीन, आंब्याची चाळीस झाडं, खासगी तलावकिनारा. पूर्ण एकांत.

पन्नास किलो सिमेंटचं पोतं अडुसष्ट वर्षांच्या बाईला डिकीतून उतरवता येत नाही.

मार्तंड पोतनीस यांनी डाव्या हातानं केलेली पहिली सही गॅसच्या पावतीवर आहे. दौतीत पडून वर आलेला मुंगळा कागदावरून चालत गेला असावा, तशी ती दिसते.

रुखमाबाई कधीच दार वाजवत नाही.

*

यमुताई पोतनीसांना दोन स्वयंपाकघरं होती. एक नागपुरात, धरमपेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दुसरं तिथून पन्नास किलोमीटरवर, बेलटोल्याच्या कोठीत. दोन्हीकडे मिक्सर, दोन्हीकडे हळदीचा डबा, दोन्हीकडे संपत आलेला सिलिंडर. आणि जे हवं ते नेमकं दुसरीकडे. रक्तदाबाच्या गोळ्या इकडे असल्या की चष्मा तिकडे. तिथींचं कॅलेंडर तिकडे, भिंतीवर रिकामा खिळा इकडे. आठवड्यातून तीनदा त्या गाडी काढायच्या, कन्हानच्या पुलावर ट्रकांच्या मागे अर्धा तास उभ्या राहायच्या, पारशिवनीला दूध घ्यायच्या आणि कोठी उघडायच्या. गाडी त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या, तीही या कोठीपायीच.

कोठी मार्तंडांची. वाडवडिलांची नव्हे, हौसेची. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नातवंडं सांभाळतात. मार्तंडांनी जुन्या मालगुजाराची पडझड झालेली कोठी विकत घेतली आणि नऊ वर्षं तिच्या मागे लागले. मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळातला गावचा मालक. मालगुजारी गेली, घराणं पांगलं, आणि कोणीतरी मधल्या काळात कोठीच्या भिंतींना सिमेंटची ठिगळं लावून तिच्यात तांदळाची पोती ठेवली. मार्तंडांनी ती ठिगळं खरवडून काढली. चुना एकवीस-एकवीस दिवस भिजवला. विजेच्या तारा लाकडी पट्ट्यांआड अशा लपवल्या की दिव्याचं बटण शोधायला पाहुण्याला पाच मिनिटं लागत. यमुताई त्या नऊ वर्षांत मिस्त्री-मजुरांचे डबे करत राहिल्या. कोठी देखणी झाली, यात वाद नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात यमुताईंचा एक कोपर दिसतो.

मग दीड वर्षापूर्वी मार्तंडांची उजवी बाजू गेली.

चुन्याचं घर एकटं सोडता येत नाही. माकडं कवेलू फोडतात, वाळवी चौकटीला लागते, पावसाळ्याआधी भिंती पांढऱ्या कराव्या लागतात. तिकडे घराला माणूस हवं आणि इकडे माणसाला माणूस हवं, आणि माणूस एकच. दिवाळीत यमुताई म्हणाल्या, "विकून टाकू या." मार्तंडांनी पंख्याकडे पाहिलं. त्यांना आता शब्द जुळवावे लागत. "विक," ते म्हणाले.

यमुताईंना दुसरं काहीही नको होतं. एकच स्वयंपाकघर हवं होतं. उठल्यावर आपण कुठे आहोत हे आठवावं लागू नये, इतकंच.

*

"खासगी तलावकिनारा" हे शब्द पुष्करचे. पुष्कर हा घरजमिनीचा दलाल, चुणचुणीत, सगळ्यांना काकू म्हणणारा. जाहिरात त्यानं फोनवर वाचून दाखवली तेव्हा यमुताई भेंडी चिरत होत्या. खासगी या शब्दापाशी सुरी थांबली होती. मग पुन्हा चालू झाली.

*

घोटाळा मागच्या दाराचा होता.

कोठीचं तोंड तलावाकडे आहे आणि पाठ गावाकडे. मागची भिंत गावातल्या गल्लीला लागून. सात वर्षांपूर्वी, काम जोरात चालू असताना, त्या भिंतीत विटांनी बुजवलेलं एक दार सापडलं. मार्तंड हरखले. म्हणाले, मुळात दार होतं ना, मग दार पाहिजे. ते कशाला होतं आणि कोणी का बुजवलं, हे गावात विचारायचं एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कोणालाही सुचलं नाही. शालिकराम मिस्त्रीनं एका दिवसात विटा काढल्या आणि तिथंच आंब्याखाली रचून ठेवल्या. मार्तंडांनी सागवानी चौकट बसवली; फळ्या बसवायच्या राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी यमुताई ओसरीवर दात घासत उभ्या होत्या. मागून एक म्हातारी धुण्याचं घमेलं डोक्यावर घेऊन अंगणात आली, "कशी आहेस वं ताई?" म्हणाली, आणि समोरच्या पायऱ्या उतरून तलावाकडे निघून गेली. तिच्या मागून म्हैस. म्हशीच्या मागून दोन पोरी.

ती रुखमाबाई. पंचाहत्तरीची, बेलटोल्यात ती कोणालाच अहोजाहो करत नाही. तिच्या आजेसासूनं तिला सांगितलं होतं की कोठीच्या मागं तलावाचं दार होतं. ते बंद झाल्यापासून गाव कालव्याच्या वाटेनं वळसा घालून पाण्याला जायचं, अर्धा तास. आता दार उघडलं म्हटल्यावर विचारायचं काय त्यात?

मार्तंडांनी त्या संध्याकाळी जुने कागद काढले. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाला होता, आणि पाण्यावर, पाण्याच्या वाटेवर गावाचा निस्तार, म्हणजे वापरायचा हक्क, नोंदलेला होता. ते खूश झाले, आणि त्याच पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर स्वतः पाटी कोरून लावली: भुजली दार. कारण त्या श्रावणात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या बाया त्या पिवळ्या गव्हाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत याच दारानं तलावावर गेल्या होत्या. या सणाला भुजली म्हणतात. टोपल्या पाण्यात धुवायच्या, पिवळी पाती एकमेकींच्या कानावर खोचायची, भांडण असेल तर तिथं मिटवायचं. मार्तंडांनी त्या दिवशी सगळ्यांना पोहे खायला घातले. पोहे केले यमुताईंनी.

"तुमचं दार," यमुताई तेव्हापासून म्हणत. "तुमच्या दारातून म्हैस आली." "तुमच्या दारातून धूळ येते." मार्तंड हसत.

*

अश्विन बोंदरे यांचा बुटीबोरीला पाइपांचा कारखाना. ते आणि त्यांची बायको दामिनी पहिल्यांदा कोठी बघायला आले, तेव्हा दामिनीनं सागवानी खांबाला गाल लावून पाहिला. अश्विननं माळ्यावर जाऊन तुळया ठोकल्या. सगळं जमत आलं होतं. मग चहाच्या वेळी मागच्या दारातून रुखमाबाईची म्हैस आत आली, ओसरीपाशी थांबली आणि दामिनीच्या हातातल्या बिस्किटाकडे सरळ पाहू लागली.

दोन दिवसांनी पुष्करचा फोन. "काकू, घर पसंत आहे. इसारपत्र करायला तयार आहेत. एकच आहे, ते मागचं दार पक्कं बंद करून पाहिजे. प्रायव्हसीचा प्रश्न आहे. या रविवारी येतो म्हणतात, बंद दिसलं की लगेच सही. चालेल का रविवार?"

यमुताईंनी फोनवर हात ठेवून मार्तंडांना विचारलं. ते डाव्या हातानं वरणभात खात होते. घास तोंडापर्यंत नेऊन थांबवला.

"रविवारी?"

"हो. रविवारी."

"येऊ दे," मार्तंड म्हणाले आणि घास घेतला.

यमुताईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं खिळा होता.

*

शनिवारी पारशिवनीच्या दुकानदारानं सिमेंटचं पोतं डिकीत टाकून दिलं. शालिकराम मिस्त्री कोठीवर आधीच येऊन बसला होता. मनगटापासून कोपरापर्यंत राख्या.

"किती रे या!"

"पाच बहिनी न् दोन मावसबहिनी. हात धुवाचा का नाई, हेच समजून नाही राहिलं बाई."

यमुताईंनी त्याला मागे नेलं आणि दार दाखवलं. जणू त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं.

"हे बुजवायचं."

शालिकरामनं दाराकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "काहून जी?"

"विकायचं आहे. घेणाऱ्याला नको आहे."

"साहेबाले माहीत आहे?"

"साहेबांना मी सांगेन."

"म्हन्जे नाही."

"शालिकराम, डिकीत सिमेंट आहे. ते काढ आणि सुरू कर."

त्यानं डिकी उघडली आणि आत मेलेलं जनावर दिसावं तसा मागे सरला. "या घरात सिमेंट? चार वर्सं, बाई, चार वर्सं साहेबानं माझ्या हातानं सिमेंट खरवडून काढलं. कोपऱ्याकोपऱ्यातून, चमच्यानं. चुन्याच्या भिंतीले सिमेंट लागलं का ओल आतच राह्यते. दोन पावसाळ्यात बाजूची भिंतबी फुगून येईन. मग माह्या नावानं बोंब."

"मग चुन्यात कर."

"श्रावनात चुना सुकते का?"

"मग कशात करतोस ते तू सांग. मला आता काही सुचत नाही."

"मातीत करतो. पहिलेबी मातीतच जुडाई होती ना. आठोते का तुमाले? उघडाले एक दिवसबी नाही लागला. ज्यानं बुजवलं होतं त्याले मालूम असन का कोनी ना कोनी उघडन."

"ते मला ऐकवू नको. उद्या अकरा वाजता इथं भिंत दिसली पाहिजे. बस."

शालिकराम खाली वाकून विटा मोजत होता, वाकलेलाच थांबला. "उद्या? उद्या त भुजली आहे ना बाई."

यमुताई ओसरीच्या पायरीवर बसल्या. आत स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. उठून पाहायची गरज नव्हती. त्याच्या हातावर सात राख्या होत्या, तशाच सकाळपासून सगळ्या नागपूरच्या मनगटांवर होत्या, त्यांनी स्वतः सिग्नलला पाहिल्या होत्या. जन्मभर चतुर्थी न चुकवलेली बाई, आणि गिऱ्हाइकाला बोलावलं ते नेमकं याच दिवशी.

पुष्करला फोन लावला. "काकू, सोमवारी ते बँकॉकला चाललेत," पुष्कर म्हणाला. "त्यांना दुसरी एक जागा पण दाखवलीये कोणीतरी, कोंढाळीकडे. उद्या नाही तर मग कठीण आहे बघा."

"पोतं तरी उतरव," त्या शालिकरामला म्हणाल्या. "गाडीला ओझं नको."

पोतं त्यानं मागच्या भिंतीशी उतरवलं. मग माती भिजवली, आणि आंब्याखालच्या त्याच विटा, ज्या त्यानंच काढून रचल्या होत्या, एकेक करून परत लावल्या. काम करताना तो एकदाही बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत आजारपणासारखं होतं. वरच्या चार-पाच थरांना विटा पुरल्या नाहीत. मार्तंडांनी मधल्या काळात काही विटा भाजीच्या वाफ्याला नेल्या होत्या.

"राहू दे तेवढं," यमुताई म्हणाल्या. "सकाळी येऊन कर."

धरमपेठेत जेवताना मार्तंडांनी विचारलं, "शालिकराम... आला होता?"

"हो."

"काय केलं?"

"कवेलू फेरले," यमुताई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांना इतका थकवा आला की ताट उचलून ठेवायलाही त्या लगेच उठल्या नाहीत.

*

रविवार. ढग होते, पाऊस नव्हता. बोंदरे अकराला दहा कमी असतानाच आले. शालिकराम सायकलला विटांची बोरी बांधून त्याच वेळी पोचला होता आणि मागे हात-पाय धुवत होता.

सगळं पुन्हा पाहून झालं. दामिनी म्हणाली, या खोलीत योगा, त्या खोलीत सासूबाई. अश्विननं विजेचं बटण शोधलं, सापडलं नाही, सापडल्यावर लहान मुलासारखा खूश झाला. मग सगळे मागच्या अंगणात आले.

भिंत मातीच्या रंगाची होती, अजून ओली. वरती हातभर फट, आणि फटीच्या वर मार्तंडांनी कोरलेली पाटी.

"बढिया," अश्विन म्हणाला. "आता कसं कंपाउंड वाटते. आंटी, याच्यावर प्लास्टर तेवढं मारून देजा. न् ती पाटी काढून टाकू."

"करून देतो जी," शालिकराम दुसरीकडे पाहत म्हणाला.

तेवढ्यात गाणं ऐकू आलं. लांबून, गल्लीच्या तोंडाकडून. दहा-बारा बाया असाव्यात. सूर एक नव्हता, चाल एक होती. गाणं जवळ आलं, भिंतीच्या पलीकडे आलं आणि मधल्याच ओळीला थांबलं.

पलीकडे कुजबुज झाली.  दार कोणी वाजवलं नाही. वाजवायला तिथं काही नव्हतं. वरच्या फटीत आधी एक टोपली दिसली, तिच्यातली पिवळी पाती भिंतीवरून आत डोकावली, आणि तिच्या खालून आवाज आला.

"काहून वं ताई, दार कुठं गेलं?"

यमुताई फटीकडे पाहू लागल्या.

"ताई? आतमंधी आहेस का नाई? शालिकराम्या, तू आहेस ना तिथं? तुही सायकल दिसून राहिली मले रोडवर!"

"आहो," शालिकराम पुटपुटला.

"मंग बोलत काहून नाही? तोंडातबी इटा भरल्या का?"

पलीकडे बाया हसल्या. अश्विननं यमुताईंकडे पाहिलं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. हिशेबी, समजूतदार होता. "सणाचं आहे का काही, आंटी?" त्यानं हळूच विचारलं. "वर्षातून एकदाचं असन, तर काही हरकत नाही. एक दिवस गेटमधून येऊ देऊ. एकदाचंच आहे ना?"

त्यानं उत्तर हातात आणून दिलं होतं. हो म्हटलं की झालं. इसारपत्र ओसरीवर होतं, पेन त्याच्या खिशाला होतं. आणि यमुताईंना दिसलं की हो म्हटल्यावर उद्या फोन येईल, की काकू, या तर रोज येतात. मग त्याला काहीतरी सांगावं लागेल, मग वकिलाला आणखी काहीतरी, मग मार्तंडांना. एका खोट्याला जेवणखाण घालून वाढवावं लागतं. कालचं कवेलूचं अजून घरात होतंच. दुसरं पोसायची ताकद त्यांच्यात नव्हती.

"रोज येतात," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. धुणं घेऊन येतात, म्हशी आणतात. शाळेतली पोरं पोहायला येतात. तलाव आमचा नाही. तुमचाही होणार नाही, तो सरकारात आहे, आणि पाण्याची वाट गावाची आहे. कागद आहेत, आत कपाटात आहेत, दाखवते. जाहिरातीत खासगी लिहिलंय. ते ऐकून मी गप्प बसले. ही भिंत काल संध्याकाळची आहे." आणि मग, काही उरलं असेल तर तेही जावं म्हणून, "मातीची आहे. हातानं ढकललीत तर पडेल."

अश्विन पुढे झाला. त्यानं भिंतीला बोट लावलं. बोटाला माती लागली.

"माझ्या आईकडे असते भुजली," दामिनी म्हणाली. "सावनेरकडे. छान असते." तिनं पाटीकडे पाहिलं. "पण आंटी, खरं सांगू? रोज अंगणातून म्हैस नाही चालणार मला."

"कोन वं ते?" भिंतीमागून आवाज. "नवी मालकीन का? ओ बाई, म्हैस काही करत नाही वं! बिस्कुट मांगते फक्त!"

दामिनीला हसू आलं. अश्विनलाही आलं असावं, पण तो आता फोनकडे पाहत होता. "वकिलाशी बोलतो, आंटी," तो म्हणाला. जाताना दोघं यमुताईंच्या पाया पडले. माणसं वाईट नव्हती. गाडी वळेपर्यंत यमुताई गेटपाशी उभ्या राहिल्या आणि मग मागे आल्या.

"काढ," त्या शालिकरामला म्हणाल्या.

"सिमेंट असतं त..."

"गप बस आणि काढ."

अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. पलीकडून बायांनीही हात लावला. चौकट मोकळी झाली तशा त्या एकेक करून आत आल्या, चिखलातून पाय उचलत, टोपल्या सांभाळत, आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. सगळ्यात शेवटी रुखमाबाई. ती तलावाकडे गेली नाही. टोपली सिमेंटच्या पोत्यावर टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिऱ्हाईक होतं ना ते?"

"हो."

"गेलं?"

"गेलं."

"मंग सांगाचं नाई का, बाई? काल सांगतलं असतं त आमी कालव्यानं गेलो असतो एक दिवस. तुहं काम होऊन जाऊ देलं असतं. आमी काय दुश्मन आहो का तुह्ये?"

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. दार उघडताना नाही, बुजवतानाही नाही. गावात कोणाला तरी विचारायचं असतं, हे.

"आणि मग उद्यापासून?" त्या म्हणाल्या.

"उद्याचं उद्या पायलं असतं," रुखमाबाई म्हणाली. तिनं टोपलीतली चार पाती तोडून यमुताईंच्या कानावर खोचली, जरा जोरातच, आणि टोपली उचलून गेली.

*

फोन वाजला. मार्तंडांचा.

"झाली... भुजली?"

यमुताई पायरीवर बसल्या होत्या. "तुम्हाला माहीत होतं, रविवारी भुजली आहे."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू येत राहिला. ते शब्द गोळा करत असावेत, किंवा नसावेत. "मला वाटलं... कॅलेंडर पाहून... विचारते आहेस."

"कॅलेंडर इकडे आहे."

"हं."

तलावावरून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो त्यांना फोनमधून ऐकू गेला असावा. मग म्हणाले, "सही... करायची आहे का?"

"नाही."

"बरं." आणि मग, "जेवलीस?"

"भाकरी इकडे आहे," यमुताई म्हणाल्या. "भाजी तिकडे."

*

सहाव्या दिवशी अश्विन बोंदरेंचा मेसेज आला. नमस्कार आंटी, घर फार सुंदर आहे, सध्या विचार बदलला आहे, काकांना नमस्कार सांगा. खाली हात जोडलेलं चित्र.

सिमेंटचं पोतं उचलायला कोणाला सवड झाली नाही. पोळ्यापर्यंतच्या पावसात ते दगड झालं. बाया त्यावर घमेलं टेकवतात.

कॅलेंडर यमुताईंनी धरमपेठेत आणून खिळ्याला लावलं. आता बेलटोल्यात तारीख कळत नाही.

जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली, कोठीच्या ओसरीवर बसून, आणि फोनवर पुष्करला वाचून दाखवली:

विकणे आहे. बेलटोला येथे जुनी कोठी, चुन्यात दुरुस्त केलेली. सहा एकर, आंब्याची चाळीस झाडं, त्यांतली सहा फळ देत नाहीत. माकडं येतात. समोर तलाव आहे, तो गावाचा. मागच्या दारानं गाव रोज पाण्याला जातं, जाईल. सिमेंट वापरू नये. घर चांगलं आहे. आम्ही दमलो आहोत.

"काकू," पुष्कर म्हणाला, "हे वाचून कोणी येणार नाही हो."

"छाप."

"शेवटचं वाक्य तरी काढू?"

"ते राहू दे," यमुताई म्हणाल्या. "खासगी तेवढंच आहे."

गुरुवारी त्या पुन्हा बेलटोल्याला आल्या, पारशिवनीचं दूध घेऊन. कोठी उघडली, माकडांनी फोडलेले कवेलू मोजले, सिलिंडर हलवून पाहिला. डबा खायला त्या मागच्या अंगणात बसल्या.

सात वर्षांपूर्वीच्या वैशाखात यमुताई याच भिंतीला टेकून डबा खात होत्या. पाठीला वारा लागला, आणि भिंतीतून वारा येतो आहे, हे मार्तंडांना त्यांनीच हाक मारून सांगितलं.